'तसा काही त्रास नाही' म्हणणाऱ्यांच्या छातीत काय चाललेलं असतं

गेली ११ वर्षं मी छातीच्या दवाखान्यात स्पायरोमेट्री करते. म्हणजे ती नळीत फुंकायची टेस्ट, नाकाला चिमटा लावतात आणि आम्ही शेजारी उभं राहून "घ्या श्वास, भरा भरा भरा, आता सोडा जोरात, सोडा सोडा, अजून सोडा" असं ओरडत असतो ती. टेस्टच्या आधी फॉर्म भरावा लागतो, त्यात सुरुवातीलाच विचारलेलं असतं की काय त्रास होतो. आणि बिडी-सिगारेट ओढणारे बहुतेक जण सांगतात, "तसा काही त्रास नाही, डॉक्टर म्हणाले करून घ्या म्हणून आलो."

मग मी तोच प्रश्न फोडून विचारते.

"मामा, सकाळी उठल्यावर खोकला येतो?"

"तो येणारच की ताई, बिडी आहे म्हटल्यावर."

"बेडका पडतो?"

"सकाळचा तेवढा पडतो. एकदा पडला की दिवसभर मोकळं."

"जिना चढताना दम लागतो?"

"जिना कुठं चढतोय आता, खालचीच खोली घेतली मागच्या वर्षी."

"रात्री झोपेत छातीत आवाज येतो?"

"नाही." तेवढ्यात मागे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मामी म्हणतात, "नाही कसं? रात्रभर सूं सूं वाजतंय, मी उठून बसते."

चार प्रश्नांत चार त्रास निघाले. मामा खोटं बोलत नव्हते बरं का, त्यांना तो खरंच त्रास वाटत नाही, कारण हे सगळं एका दिवसात आलेलं नाही, इतकं हळूहळू आलंय की माणूस त्याच्या आजूबाजूने आपलं जगणं वळवून घेतो, जिना टाळतो, बाजारात मधेच उभं राहून दुकानाकडे बघत असल्यासारखं करतो, नातवाला उचलून घ्यायचं बंद करतो, आणि विचारलं की वय झालं म्हणतो. ५० व्या वर्षी कसलं वय झालं? म्हणून हे लिहायला घेतलंय. तंबाखूने कॅन्सर होतो हे आता लहान पोरांनाही माहीत आहे, पाकिटावर फोटोच असतो. पण कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी छाती बोलायला लागते आणि ते बोलणं ऐकून घ्यायला कुणी बसत नाही.

संशोधन करणारेसुद्धा हेच करतात, प्रश्न फोडून विचारतात. अमेरिकेत २०१३ पासून 'पाथ' नावाची एक मोठी पाहणी चालू आहे, त्यात हजारो माणसांना पुन्हा पुन्हा गाठून विचारतात की गेल्या १२ महिन्यांत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज झाला का, किती वेळा झाला, त्याने झोपमोड झाली का, बोलता बोलता थांबावं लागलं का, व्यायाम करताना किंवा नंतर आवाज आला का, आणि सर्दी-पडसं नसताना रात्री कोरडा खोकला येतो का. प्रत्येक उत्तराला मार्क. या मार्कांवरून कळतं की कोणती वस्तू ओढणाऱ्यांची छाती किती बिघडतेय. त्यातून काय निघालं ते व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, बोलताना सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

आधी आत काय होतं ते बघू. श्वासाची मुख्य नळी छातीत उतरली की दोन फांद्या होतात, त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ, असं साधारण २३ वेळा फाटे फुटत जातात आणि शेवटी कोट्यवधी छोटे छोटे फुगे लागतात, द्राक्षाच्या घडासारखे. त्या फुग्यांच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो. आता आपण रोज धूळ, धूर, जंतू किती आत घेतो, तरी हे फुगे भरून जात नाहीत, कारण नळ्यांना आतून बारीक केस असतात, त्यांच्यावर चिकट ओलसर थर असतो, घाण त्या थराला चिकटते आणि केस सारखे हलून ती वर घशाकडे ढकलतात. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर पोचवतात ना, अगदी तसं. वर आलेलं आपण नकळत गिळून टाकतो, पत्तासुद्धा लागत नाही.

धूर आत गेला की ही रांग लुळी पडते. रोज रोज गेला की रांगेतली माणसंच कमी होतात, केस आखूड होतात, काही ठिकाणी गळून जातात. आणि त्याच वेळी खालून माल मात्र वाढलेला असतो, कारण धुराने चिडलेली नळी स्वतःला वाचवायला जास्त कफ बनवायला लागते, कफ बनवणाऱ्या ग्रंथी फुगतात. माल दुप्पट, उचलणारे निम्मे. मग तो कफ तिथेच साठतो, त्यात जंतू वाढतात, आणि शरीराकडे एकच उपाय राहतो तो म्हणजे खोकणं. रात्री सहा-सात तास बिडी नसते तेव्हा उरलेसुरले केस थोडे शुद्धीवर येतात, जमेल तेवढी साफसफाई करतात, म्हणून सकाळी घशाशी सगळं जमा होतं. आणि सकाळची पहिली बिडी ओढली की कफ सुटतो असं जे म्हणतात ना, ते सुटणं म्हणजे धुराने नळीला चिमटा बसतो आणि ती जोरात खोकते, एवढंच. बिडीने कफ काढला म्हणून तिचे आभार मानणारे खूप भेटतात मला, पण तो कफ तिनेच केलेला असतो.

वर्षातले तीन महिने बेडक्यासकट खोकला आणि असं लागोपाठ दोन वर्षं झालं, दुसरं काही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक ब्रॉन्कायटिस म्हणतात. म्हणजे जो 'सकाळचा तेवढा' आहे तो एका आजाराचं नाव आहे.

दुसरी गोष्ट त्या फुग्यांची. त्यांच्या भिंती रबरासारख्या असतात, श्वास घेताना ताणतात आणि सोडताना आपोआप मिटतात, आपल्याला जोर लावावा लागत नाही. धुराने तिथे सूज येते, त्या सुजेत भिंती झिजतात, दोन-चार फुग्यांची मिळून एक ढगळ पिशवी होते, धुऊन धुऊन सैल पडलेल्या इलास्टिकसारखी. मग हवा आत जाते पण बाहेर निघत नाही. दम लागलेला माणूस सांगतो की ताई श्वास आत जात नाही, आणि खरी अडचण उलटी असते, जुना श्वास बाहेर पडलेला नसतो म्हणून नव्याला जागा नसते. म्हणून हे लोक ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतात, कुणी शिकवलेलं नसतं, शरीर आपणच शोधून काढतं.

आमच्या मशीनवर हेच दिसतं. निरोगी माणूस छातीत भरलेल्या हवेतली साधारण ७०-८० टक्के हवा पहिल्या एका सेकंदात बाहेर टाकतो. नळ्या अरुंद झाल्या की ती पहिल्या सेकंदात निघतच नाही, रेष वर जाऊन सपाट व्हायच्या ऐवजी तिरकी तिरकी सरपटत राहते, माणूस लालबुंद होतो, डोळ्यांत पाणी येतं, आठ-दहा सेकंद झाले तरी हवा येतच असते, कणाकणाने. इनहेलरचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात आणि तरीही पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली राहिला तर सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद झाल्याचा आजार. गावाकडे याला सरसकट दमाच म्हणतात, पण दमा वेगळा, तो येतो-जातो, मधल्या काळात माणूस चांगला असतो. सीओपीडीत गेलेलं परत येत नाही. २०१६ च्या अंदाजानुसार भारतात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता, आणि यातल्या खूप जणांनी कधी नळीत फुंकलेलंही नसेल, त्यांना 'दमेकरी' म्हणून खोकल्याच्या बाटल्या देऊन घरी पाठवलेलं असतं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टेस्ट नॉर्मल आली म्हणून छाती ठीक आहे असं नसतं. २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले असे लोक, ज्यांची फुंकायची टेस्ट नॉर्मल होती, त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना खोकला, कफ, दम ही लक्षणं होती, आणि ज्यांना लक्षणं होती त्यांची छाती अचानक बिघडण्याचे प्रसंगही जास्त आले. म्हणजे मशीनच्या आधी माणसाला कळतं. मी मशीनवर काम करते तरी हे सांगते, रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंटच्या चेहऱ्यावर जे हसू येतं आणि बाहेर जाऊन पहिली सिगारेट पेटते, ते बघून मला फार वाईट वाटतं.

आता आपल्याकडे नेमकं काय ओढलं जातं ते बघू, कारण सिगारेटवरचं संशोधन वाचून 'आपली तर बिडी आहे' म्हणणारे भरपूर आहेत. बिडीत तंबाखू कमी असते हे खरं आहे, सिगारेटच्या पाव भागाच्या आसपासच. पण ती गुंडाळलेली असते तेंदूपत्त्यात, आपल्याच गोंदिया-भंडारा-गडचिरोलीच्या जंगलातला तो पत्ता, त्यातून हवा आरपार जात नाही, कागदातून जाते तशी. त्यामुळे बिडी सारखी विझते, विझू नये म्हणून घाईघाईने आणि जोरात झुरके मारावे लागतात, आणि त्या इवल्याशा बिडीतून निकोटीन, टार, कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटइतकंच, कित्येकदा जास्तच आत जातं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे एसटीच्या सीटा आधीच कुणीतरी रुमाल टाकून धरून ठेवलेल्या, ऑक्सिजन दारातच उभा. छाती अजून फार बिघडलेली नसतानाही ओढणाऱ्याला धावताना दम का लागतो, त्यातलं एक कारण हे. आणि बिडी ओढतात तेवढ्यांचाच प्रश्न नाही, सोलापूर, सिन्नर, संगमनेरकडे ज्या बायका हजारावर बिड्या वळतात त्या तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात घेत बसलेल्या असतात, त्यांच्या खोकल्याचं कारण त्यांनी न ओढलेली बिडी असते.

हुक्का पाण्यातून येतो म्हणून गाळून येतो असं पोरांना वाटतं. पाण्याने धूर थंड होतो, घशाला टोचत नाही, म्हणून खोल ओढला जातो, बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत जाऊ शकतो. शिवाय कोळशाचा धूर वेगळा. महाराष्ट्रात २०१८ ला हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आली, कमला मिलच्या आगीनंतर, तेव्हापासून तो लपून चालतो.

आणि खाण्याची तंबाखू? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारी मोठी माणसं फक्त ३.८ टक्के आणि खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न तोंडाचा आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरवर वेगळं लिहायला हवं. छातीपुरतं बोलायचं तर मळून खाल्लेली तंबाखू फुप्फुसात धूर नेत नाही, हे खरं. पण मिश्रीचं मी लहानपणापासून बघितलंय. माझी आजी दर आठ-दहा दिवसांनी फुटक्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरात असा ठसका उठायचा की आम्ही पोरं ओढणीने नाक धरून अंगणात पळायचो, म्हशीसुद्धा गोठ्यात फुरफुरायच्या, आणि आजी मात्र चुलीसमोर हलायची नाही, भाजून झालं की पाट्यावर वाटून डबीत भरायची. तो धूर, वर तीनवेळच्या चुलीचा धूर, आणि शेवटची सहा वर्षं आजी बसून झोपली, आडवं झालं की धाप लागायची म्हणून. आयुष्यात तिने एक झुरका मारला नव्हता. दवाखान्यात प्रत्येक जण विचारायचा "बिडी ओढतात का?" आणि नाही म्हटलं की पुढचा प्रश्नच नाही. सीओपीडीच्या जगभरच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच सिगारेट-बिडी ओढलेली नसते असा अंदाज आहे, आणि त्यात चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका फार आहेत. म्हणून मी आता फॉर्मवर जागा नसली तरी पेनाने लिहिते, चूल किती वर्षं, मिश्री घरी भाजता का, नवरा घरात ओढतो का. ओढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या छातीतही तोच धूर जातो, थोडा कमी जातो पण जातो.

आता व्हेप. गेल्या तीन-चार वर्षांत २२-२५ वर्षांची पोरं-पोरी येतात खोकला घेऊन, आई सोबत असते म्हणून काही बोलत नाहीत, आई बाहेर गेली की खिशातून ते हायलायटर पेनसारखं दिसणारं काढून दाखवतात, "मॅम, हे चालतं ना, यात धूर नसतो."

धूर नसतो हे खरं आहे, कारण काही जळत नाही. आत एक छोटी तार बॅटरीवर तापते आणि तिच्याभोवतीचं लिक्विड गरम होऊन त्याचं धुकं होतं. पण ही वाफ म्हणजे पाण्याची वाफ, हे डोक्यातून काढा. ते लिक्विड म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर. यातल्या बऱ्याच गोष्टी खाण्यात चालतात, आणि विकणारे हेच सांगतात की आइस्क्रीममधला फ्लेवर आहे. पण पोटात गेलेलं पचतं, फुप्फुसाला पचवायची सोय नाही. याचं एक जुनं उदाहरण आहे, अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यात लोण्याच्या वासाचं डायअसिटिल वापरायचे, खायला सुरक्षित, पण त्याची गरम वाफ हुंगणाऱ्या आठ कामगारांच्या बारीक नळ्या कायमच्या बंद झाल्याचं २००० साली उघडकीला आलं. व्हेपने अगदी तोच आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, ते फॉरवर्ड खोटे आहेत, पण खाण्याचं आणि ओढण्याचं गणित वेगळं असतं हे त्यातून कळतं. शिवाय तार जास्त तापली की लिक्विड करपतं, ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड तयार होतात, हे दोन्ही नळीला झोंबणारे पदार्थ, आणि तारेच्या धातूचे कण येतात ते वेगळेच.

मग सिगारेटपेक्षा बरं की वाईट? सरळ उत्तर देते. त्या पाथच्या पाहणीत, ज्यांना आधी सीओपीडी नव्हता अशा मोठ्या माणसांमध्ये, सिगारेट ओढणाऱ्यांना त्रासदायक लक्षणं असण्याचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघालं. फक्त व्हेप ओढणाऱ्यांमध्ये, त्यांनी पूर्वी ओढलेल्या सिगारेटींचा हिशोब बाजूला काढल्यावर, फरक फारसा ठळक उरला नाही. आणि सिगारेट अधिक व्हेप दोन्ही ओढणारे? ते सिगारेटवाल्यांच्याच ओळीत. म्हणजे घरी सिगारेट आणि ऑफिसात व्हेप असं करून अर्धा त्रास वाचत नाही, काहीच वाचत नाही. आणि माझ्याकडे येणारे मोठ्या वयाचे व्हेपवाले जवळजवळ सगळे दोन्ही ओढणारे असतात, त्यांना वाटत असतं आपण सोडायच्या वाटेवर आहोत.

पण याचा अर्थ व्हेप निर्धोक असा काढू नका. त्याच पाहणीतल्या फक्त तरुण मुलामुलींचा वेगळा अभ्यास झाला, त्यात व्हेप ओढणाऱ्यांना पुढे घरघर आणि इतर लक्षणं सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणि दुसरं असं की व्हेप २००३ च्या सुमाराला चीनमध्ये निघालं, जगभर पसरलं त्यानंतर, आणि सिगारेटने फुप्फुस खलास व्हायला २०-३० वर्षं लागतात. म्हणजे ज्याने विसाव्या वर्षी व्हेपनेच सुरुवात केली आणि तीस वर्षं ओढलं असा माणूस अजून आमच्या मशीनसमोर यायचाच आहे.

ब्रिटनमध्ये डॉक्टर स्वतः सिगारेट ओढणाऱ्याला व्हेपवर जायला सांगतात, हे लंडनला असलेल्या नातेवाईकांकडून ऐकून लोक मला विचारतात. बरोबर आहे, तिथे ते सांगतात, सिगारेट पूर्ण बंद करून त्याऐवजी, आणि जो ओढतच नाही त्याने हात लावू नये हेही त्याच दमात सांगतात. तिथे लिक्विडमध्ये निकोटीन किती असावं याला मर्यादा आहे, नोंदणी आहे. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळ्यावर कायद्याने बंदी आहे, म्हणजे इथे जे काही मिळतं ते सगळं चोरून आलेलं, आत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आत काय आहे माहीत नसलं की काय होतं ते अमेरिकेनेच बघितलंय. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे चांगली धडधाकट तरुण पोरं धाप लागून आयसीयूत यायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण ॲडमिट झाले किंवा गेले, त्यातले ६८ मृत्यू, आणि मुख्य कारण निघालं ते चोरट्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये घट्टपणासाठी मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. चेहऱ्याच्या क्रीममध्ये चालणारी वस्तू, फुप्फुसात गेली.

आणखी एक, नव्या पॉडमध्ये, म्हणजे व्हेपच्या लिक्विडच्या छोट्या डबीत, निकोटीनचं मीठ (सॉल्ट) वापरतात, त्याने घशाला ठसका लागत नाही. जुन्या काळी पहिल्या सिगारेटला पोरगा खोकून खोकून बेजार व्हायचा आणि काही पोरं तिथेच नाद सोडायची, ती अडचणच आता काढून टाकली. आंब्याच्या चवीचं निकोटीन, ठसक्याविना, किती गेलं याचा पत्ता नाही कारण थोटूक उरत नाही आणि पाकीट संपत नाही. सवय लागली हे कळेपर्यंत लागलेली असते. पोरांनो, डॉक्टरला सांगायला घाबरू नका, त्या कायद्यातली शिक्षा विकणाऱ्याला आहे, ओढण्याला त्यात शिक्षा नाही. आणि आयांनो, दोन मिनिटं बाहेर थांबा, पोरगं खरं बोलतं.

सिगारेटचा खोकला म्हणून सोडून दिलेल्या खोकल्यात कधी कधी टीबी निघतो, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. बिडी-सिगारेटने टीबी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, कारण झाडणारी रांगच मोडलेली असते, आणि वर ओढणाऱ्याला खोकल्याची सवय असल्याने तो सहा-सहा महिने दाखवत नाही, तोवर घरातल्या सगळ्यांना प्रसाद. म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासायचा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. रक्त पडलं, वजन उतरायला लागलं, आवाज बसून तीन आठवडे झाले, खोकल्याची जात बदलली म्हणजे कालपर्यंत ओला होता आणि आता कोरडी ढास लागते, तर त्याच आठवड्यात जा. दमा असून ओढत असाल तर एवढं लक्षात घ्या की इनहेलरमधलं स्टेरॉइड ओढणाऱ्यांवर कमी चालतं, औषधाचे पैसे धुरात जातात.

सोडल्यावर काय होतं? लोकांची अपेक्षा असते की सोडलं की खोकला बंद. आणि होतं उलटं, पहिले काही आठवडे खोकला वाढतो, बेडका जास्त पडतो, आणि माणूस म्हणतो ओढत होतो तेच बरं होतं, परत पेटवतो. किती जण या एका गैरसमजावर परत फिरलेले बघितलेत मी. अहो, रांगेतली माणसं कामावर परत आलीत, वर्षांचा तुंबलेला माल उपसतायत, तो खोकला चांगला आहे, त्याला थोडे दिवस द्या. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, खोकला-कफ एक ते नऊ महिन्यांत कमी होत जातो. गेलेले फुगे मात्र परत येत नाहीत, खोटी आशा दाखवणार नाही. पण पुढची घसरण मंदावते, आणि हे मोजलेलं आहे. अमेरिका-कॅनडात ५,८८७ ओढणाऱ्यांना ११ वर्षं तपासलं, त्यात ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदाची हवा दर वर्षी ६६ मिली घटत होती आणि सोडलेल्यांची ३०, म्हणजे वयानुसार कुणाचीही घटते तेवढीच. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात, ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना साधारण १० वर्षं जास्त मिळाली, ४० ला सोडणाऱ्यांना ९, ५० ला ६, आणि ६० ला सोडणाऱ्यांनाही ३.

एक काका दीड वर्षाने परत टेस्टला आले होते, बिडी सोडून. आकडा बघितला, आधी १.६२ लिटर, आता १.६०. बिचारे हिरमुसले, म्हणाले एवढं सोडून काहीच वाढलं नाही. मी त्यांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवलं की काका, ओढत राहिला असतात तर हा आकडा दीडच्या जवळ आला असता, तो इथेच थांबलाय हेच तुम्ही कमावलंय. मग विचारलं सकाळचा खोकला? तर म्हणाले, "तो कधीच गेला की." त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

सोडायला मदत घ्या, नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला जाऊन चौथ्या दिवशी हरलेले लोक स्वतःला कमजोर समजतात, तसं नसतं, निकोटीनची ओढ शरीराची असते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण. निकोटीनची चघळायची गोळी मेडिकलमध्ये २ मिलीग्रॅमची मिळते, पण ती चुइंगमसारखी सारखी चावायची नाही, थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, परत चावायची. जास्त ओढणाऱ्याला डॉक्टर गोळ्याही लिहून देतात. आणि पाकिटावर जो नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, तो सरकारी आहे, फुकट आहे.

आणि टेस्टला याल तेव्हा, कारण चाळिशी उलटली आणि ओढत असाल किंवा चुलीपुढे आयुष्य गेलं असेल आणि खोकला-दम असेल तर एकदा याच, डॉक्टरांना स्वतःहून 'फुंकायची टेस्ट करायची का' असं विचारा. तासभर आधीपासून ओढू नका, पोट गच्च भरून येऊ नका, कपडे सैल घाला, साडीचा काचा फार आवळू नका. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी सांगा. कवळी घट्ट बसत असेल तर तशीच राहू द्या, काढली की ओठांतून हवा निसटते. घरातलं कुणीतरी सोबत आणा, जे रात्री तुमच्या खोलीत झोपतं ते.